हस्तलिखितांच्या छायाचित्रांतील रंगांची आंकड्यांनीं परीक्षा

१. प्रस्ताव

वऱ्हाडांतील मोर्शी तालुका जुन्या लेखांच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. ह्या तालुक्यांतील रिद्धपूर येथें वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट सांपडला. ह्याच रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्य होतें, आणि तेथेंच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या लीळा मिळवून लीळाचरित्र सिद्ध केलें. सालबर्डीचा डोंगर श्रीचक्रधरांच्या तपश्चर्येचें स्थान म्हणून महानुभाव पंथांत पूज्य मानला जातो. पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची चाल होती. त्या लिपींचें कोडें वि. का. राजवाडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं उकलून दाखविल्यापासून ह्या वाङ्मयाची द्वारें सर्व अभ्यासकांस खुलीं झालीं.

पंथाची परंपरा असें सांगते कीं, लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्रांत नष्ट झाली आणि पुढें निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणावरून तिची पुनर्रचना झाली. त्यामुळें ह्या ग्रंथाच्या पाठभेदांचा प्रश्न मोठा आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं प्रसिद्ध झालें, तथापि अशा ग्रंथाचें पाठशोधन एका आवृत्तीनें संपत नसतें. प्रत्येक नव्या पोथीगणिक तें पुन्हां सुरू होतें. पूर्वी दूरच्या पोथीचा उपयोग करावयाचा तर ती मागवावी लागे किंवा लेखकाकडून तिची नक्कल करवून घ्यावी लागे. आज हें काम छायाचित्रावर होतें. संशोधक पुण्यास वा नागपुरास बसून मोर्शीकडील पोथी वाचतो आणि मूळ पोथी कदाचित् जन्मभर पाहत नाहीं.

नक्कल करणारा लेखक अक्षरांत चुकत असे व त्याच्या चुकांचे प्रकार आपणांस ठाऊक आहेत. छायाचित्र घेणारें यंत्र अक्षरांत सहसा चुकत नाहीं, तें चुकतें रंगांत. ताम्रपटाचा ठसा घेतांना रंगाचा प्रश्न उद्भवत नाहीं. अक्षराची खोदीव रेघ उमटली म्हणजे काम झालें. पोथीचें तसें नाहीं. पोथींत कांहीं पुरावा केवळ रंगांत असतो, आणि रंग बिघडला कीं तो पुरावा नाहींसा होतो. चित्रांतील रंग बरोबर आहे कीं नाहीं हें डोळ्यांच्या अंदाजावर न सोडतां आंकड्यांनीं कसें तपासावें, आणि त्यासाठीं पायथन ह्या संगणकीय भाषेचा उपयोग कसा होतो, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

२. रंगांत कोणता पुरावा असतो

जुन्या कागदी पोथ्यांची मुख्य शाई काजळाची. दंड, समाप्तीचीं वाक्यें, अध्यायांचीं नांवें आणि समासाच्या रेघा पुष्कळदां हिंगुळानें किंवा गेरूनें तांबड्या केलेल्या असतात. लिहितांना झालेली चूक झांकण्यासाठीं तिजवर हरताळ लावीत. ‘हरताळ फासणें’ हा शब्दप्रयोग आज आपण एखादी गोष्ट रद्दबातल करणें ह्या अर्थानें वापरतों, तो ह्याच लेखनव्यवहारांतून आला आहे.

पाठशोधकास हा पिवळा डाग फार मोलाचा असतो. हरताळाखालीं पहिला पाठ आहे व हरताळावर दुसरा आहे, म्हणजे कोणी तरी पहिला पाठ अग्राह्य ठरविला, हें त्या डागावरून समजतें. तो डाग चित्रांत दिसला नाहीं तर वाचणारा दुसऱ्या पाठासच मूळ लेखकाचा पाठ समजेल, आणि दुरुस्ती झाल्याचा मागमूसही त्याच्या टिपणांत येणार नाहीं. तांबड्या शाईचेंही तसेंच. हिंगुळाचे दंड व नंतर कोणी गेरूनें घातलेले दंड चित्रांत एकाच रंगाचे दिसले, तर दोन हातांचें काम एकाचें ठरतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. हे रंग स्थिर नाहींत. हिंगूळ हा पारा व गंधक यांचा संयोग असून प्रकाशानें तो काळवंडतो. हरताळ हा सोमल व गंधक यांचा संयोग असून प्रकाशानें तो फिका होत जातो. तेव्हां आज घेतलेलें चित्र हें आजच्या तारखेस त्या रंगाची काय स्थिति होती याची साक्ष आहे. ती साक्ष पुढें ग्राह्य ठरावयाची असेल तर तिच्यांतील रंग मोजून घेतलेला पाहिजे.

३. चित्र म्हणजे आंकड्यांचा तक्ता

संगणकांत सांठविलेलें छायाचित्र म्हणजे वस्तुतः आंकड्यांचा तक्ता होय. चित्राचा लहानांत लहान बिंदु म्हणजे पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलास तीन आंकडे असतात. पहिला तांबड्या प्रकाशाचा अंश, दुसरा हिरव्याचा, तिसरा निळ्याचा. नेहमींच्या चित्रांत प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे शुभ्र, आणि तिन्ही सारखे असले म्हणजे करडा. अशा रीतीनें १,६७,७७,२१६ रंग लिहितां येतात. आडवे ६००० व उभे ४००० पिक्सेल असलेल्या एका पानाच्या चित्रांत २ कोटि ४० लक्ष पिक्सेल, म्हणजे ७ कोटि २० लक्ष आंकडे होतात. इतके आंकडे मनुष्यानें पाहणें अशक्य आहे. संगणकास मात्र ह्या कामाला फारसा वेळ लागत नाहीं.

उदाहरणादाखल असें समजूं कीं, एका पोथीचा जुना कागद चित्रांत (२२२, १९६, १५०) असा येतो व त्यावरील हरताळाचा डाग (२१४, १८२, ८४) असा येतो. तांबड्या अंशांत फरक ८ चा, हिरव्यांत १४ चा, पण निळ्यांत ६६ चा आहे. म्हणजे हरताळ ओळखण्याचा सारा भार निळ्या अंशावर आहे. हेंच पान पिवळ्या दिव्याखालीं घेतलें व यंत्रानें प्रकाशाचा पिवळेपणा वजा केला नाहीं, तर निळा अंश सर्वत्र खालावतो. तो सहा दशांशावर आला असें धरल्यास कागदाचा ९० होईल, हरताळाचा सुमारें ५० होईल, आणि ६६ चा फरक ४० वर येईल. उलट, आजकाल हातांतील दूरध्वनींत कागदपत्रांचें चित्र घेण्याची जी सोय असते ती अक्षर ठळक व कागद पांढरा करण्यासाठीं योजलेली असते. तिच्यांत कागदाचा पिवळेपणा व हरताळाचा पिवळेपणा एकत्रच धुऊन निघण्याचा संभव असतो. अक्षर सुवाच्य होतें आणि पुरावा जातो.

४. प्रमाण रंगतक्ता

कोणतेंही मोजमाप करावयाचें तर प्रमाण हवें. रंगासाठीं असें प्रमाण म्हणजे रंगतक्ता. १९७६ सालीं मॅकबेथ कंपनीनें काढलेला २४ चौकोनांचा तक्ता जगभर प्रचारांत आहे. चार ओळी व प्रत्येक ओळींत सहा चौकोन अशी त्याची मांडणी असते. शेवटची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या छटांची आहे. प्रत्येक चौकोनाचें मूल्य आधीं मोजून प्रसिद्ध केलेलें असतें. एस-आर-जी-बी ह्या प्रचलित रंगमापनांत शेवटच्या ओळींतील छटांचीं मूल्यें सुमारें २४३, २००, १६०, १२२, ८५ व ५२ अशीं आहेत, आणि प्रत्येक छटेंत तिन्ही अंश जवळजवळ सारखे आहेत. नोव्हेंबर २०१४ नंतर तयार झालेल्या तक्त्यांच्या रंगांत थोडा बदल झाला असल्यामुळें आपल्या तक्त्याचा काळ पाहून त्याचींच मूल्यें घ्यावीं.

हा तक्ता पानाशेजारीं, पानाच्याच पातळींत व त्याच प्रकाशांत ठेवून चित्र घ्यावें. तक्ता पोथीवर ठेवूं नये. हरताळ विषारी आहे व सैल झालेला असल्यास त्याचे कण निघतात. म्हणून पोथी हाताळल्यावर हात धुवावे. ह्यांत पोथीचें व आपलें दोघांचेंही हित आहे.

५. ग्राह्य मर्यादा व तिची तपासणी

तक्त्यावरील चौकोन चित्रांत तंतोतंत त्याच मूल्याचा येणें दुर्मिळ असतें. म्हणून किती फरक चालेल याची मर्यादा आधीं ठरवावी लागते. ‘आधीं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चित्र घेतल्यावर, तें पाहून, त्याला बसेल अशी मर्यादा ठरविणें म्हणजे परीक्षार्थ्याचें उत्तर पाहून प्रश्न काढण्यासारखें आहे. अमेरिकेंतील सरकारी संस्थांनीं ‘फॅड्जी’ नांवानें व नेदरलंड्समध्यें ‘मेटामॉर्फोझ’ नांवानें अशा मर्यादांचे नियम प्रसिद्ध केले आहेत. पहिल्यांत चित्रांची प्रत एक ते चार तारकांनीं दर्शवितात.

समजा, आपण १६० मूल्याच्या करड्या चौकोनासाठीं दोन्ही बाजूंस ६ ची सूट दिली. ग्राह्य मर्यादा १५४ ते १६६ झाली. आतां पायथनमध्यें पुढील क्रमानें काम करावें.

प्रथम ‘पिलो’ नांवाच्या आज्ञासंचानें चित्र उघडावें व ‘नमपाय’ नांवाच्या आज्ञासंचानें त्याचा आंकड्यांचा तक्ता करावा. नंतर चौकोनाच्या कडा सोडून मधला भाग घ्यावा, कारण कडेच्या पिक्सेलांत शेजारच्या रंगाची सरमिसळ असते. मधला भाग आडवा १०० व उभा १०० पिक्सेल घेतला तर १०,००० नमुने मिळतात. एकाच पिक्सेलावर निर्णय देऊं नये, कारण यंत्राच्या अंगच्या खळबळीनें शेजारशेजारचे पिक्सेलही थोडे कमीअधिक असतात. ह्या दहा हजारांची प्रत्येक अंशाची सरासरी काढावी व ती खालच्या आणि वरच्या मर्यादेशीं ताडावी. तिन्ही अंश मर्यादेच्या आंत असतील तरच चौकोन उत्तीर्ण. एक जरी बाहेर असेल तरी अनुत्तीर्ण. सरासरीबरोबर नमुन्यांचा विखुरलेपणाही काढावा. तो फार असेल तर चौकोनावर सावली, धूळ किंवा चकाकी पडली असें समजावें.

ह्या पद्धतीचा खरा लाभ केवळ पास-नापास ठरविण्यांत नाहीं. दोष कोठला आहे हेंही आंकडे सांगतात. १६० च्या चौकोनाचें वाचन (१७१, १६०, १३९) असें आलें तर तांबडा अंश वर व निळा खालीं गेला आहे, म्हणजे प्रकाश पिवळा होता व यंत्रानें त्याची दुरुस्ती केली नाहीं. वाचन (१७२, १७२, १७१) असें आलें तर तिन्ही अंश सारखेच वाढले आहेत, म्हणजे रंगाचा तोल ठीक आहे, पण प्रकाश अधिक घेतला गेला आहे. दोन्ही चित्रें नापासच. परंतु पहिल्यासाठीं दिवा बदलावा लागेल किंवा यंत्राला पांढऱ्याचें प्रमाण नव्यानें द्यावें लागेल, आणि दुसऱ्यासाठीं प्रकाशाचा वेळ कमी केला म्हणजे पुरें.

ह्याशिवाय संपूर्ण पानांत किती पिक्सेल २५५ वर व किती ० वर टेकले आहेत हें मोजावें. २५५ वर टेकलेल्या ठिकाणीं मूळचा प्रकाश किती होता हें त्या चित्रावरून पुन्हां कळत नाहीं. कागदाचा भाग असा टेकला असेल तर फिका झालेला हरताळ व पुसट जलचिन्ह तेथें कायमचीं गेलीं असें समजावें.

६. जेथें आज्ञावली फसते तीं स्थळें

आज्ञावली लिहिणें फार अवघड नाहीं, पण कांहीं ठिकाणीं ती चुकीचें उत्तर निमूटपणें देते. तीं स्थळें ठाऊक असणें जरूर आहे.

पहिलें स्थळ मर्यादेच्या टोकाचें. पायथनमध्यें ‘रेंज’ ह्या शब्दानें ० पासून २५५ पर्यंतची श्रेणी मागितली तर ती २५४ लाच संपते. शेवटचें टोक धरलें जात नाहीं. त्यामुळें शुद्ध पांढरा पिक्सेल मर्यादेबाहेर ठरतो. म्हणून ‘खालच्या मर्यादेइतका किंवा अधिक’ आणि ‘वरच्या मर्यादेइतका किंवा कमी’ अशा दोन स्पष्ट तुलना कराव्या. एका आंकड्यासाठीं ह्या दोन तुलना गणितांतल्याप्रमाणें एकाच वाक्यांत लिहितां येतात. परंतु नमपायच्या संपूर्ण तक्त्यावर तसें वाक्य चालत नाहीं. तेथें प्रत्येक तुलना स्वतंत्र कंसांत लिहून नंतर जोडावी लागते.

दुसरें स्थळ वजाबाकीचें. चित्राचे आंकडे ० ते २५५ एवढेंच मावणाऱ्या घरांत ठेवलेले असतात. तशाच घरांत १० मधून २० वजा केले तर उत्तर उणे १० न येतां २४६ येतें, आणि २५० मध्यें १० मिळविले तर ४ येतात. घड्याळाचा कांटा बारा ओलांडून पुन्हां एकावर यावा तसा हा प्रकार आहे. प्रमाण मूल्य व वाचन यांचा फरक अशा घरांत काढला तर अगदीं जवळचा रंग फार दूरचा दिसतो. म्हणून वजाबाकीपूर्वीं आंकडे मोठ्या, उणे चिन्ह धरणाऱ्या घरांत घ्यावे.

तिसरें स्थळ अंशांच्या क्रमाचें. पिलो आज्ञासंच तांबडा, हिरवा, निळा असा क्रम देतो. ‘ओपन-सीव्ही’ आज्ञासंच चित्र उघडतांना निळा, हिरवा, तांबडा असा उलट क्रम देतो. हें न ओळखल्यास (१७५, ५४, ६०) हा हिंगुळासारखा तांबडा (६०, ५४, १७५) असा निळा समजला जातो, आणि पानावर तांबडी शाई मुळींच नाहीं असा निकाल येतो.

चौथें स्थळ तांबड्या शाईच्या शोधांतच येतें, म्हणून आपल्या विषयास विशेष लागू आहे. पानावरील सर्व तांबडी शाई निवडून काढण्यासाठीं तीन अंशांऐवजीं रंगाची जात, तिचा गडदपणा व उजेड अशी दुसरी मांडणी सोयीची पडते. ह्या मांडणींत रंगाची जात वर्तुळावरील अंशांत मोजतात. तांबड्याचें स्थान नेमकें वर्तुळाच्या सांध्यावर, म्हणजे ० व ३६० यांच्या ठिकाणीं असतें. (१७५, ५४, ६०) ह्या रंगाचें स्थान ३५७ अंशांवर येतें आणि (१७८, ६०, ५०) ह्याचें सुमारें ५ अंशांवर. डोळ्याला हे दोन रंग एकाच दंडाचे दोन भाग वाटतील, पण आंकड्यांत ते वर्तुळाच्या दोन टोकांस पडतात. ओपन-सीव्हीमध्यें अंश निमे करून ० ते १७९ असे लिहितात, तरी अडचण तीच राहते. ० ते १० एवढीच मर्यादा दिली तर हिंगुळाचे निमे दंड गळतात. म्हणून तांबड्यासाठीं दोन मर्यादा द्याव्या, एक सांध्याच्या अलीकडची व एक पलीकडची, आणि दोहोंचे निकाल एकत्र करावे. ह्या कामासाठीं ओपन-सीव्हीमध्यें ‘इन-रेंज’ नांवाची आज्ञा आहे. ती मर्यादेंत बसणाऱ्या पिक्सेलास २५५ व न बसणाऱ्यास ० लिहून नवें चित्र देते, आणि दोन्ही टोकें मर्यादेंतच धरते.

पांचवें स्थळ अधिक सूक्ष्म आहे. तीन अंशांच्या तीन स्वतंत्र मर्यादा म्हणजे एक पेटी होय. पेटीच्या मध्यभागीं आपणांस हवा तो रंग असला तरी कोपऱ्यांत नको ते रंग शिरतात. कागदासाठीं तांबडा २०० ते २३५, हिरवा १७५ ते २१५, निळा १३० ते १८० अशी मर्यादा दिली, तर (२०० , २१५, १३०) हा हिरवट रंगही तिच्यांत बसतो. प्रत्येक अंश आपापल्या मर्यादेंत आहे, तरी त्यांचें परस्परप्रमाण जुन्या कागदाचें नाहीं. म्हणून ‘तांबडा हिरव्याहून अधिक व हिरवा निळ्याहून अधिक’ अशी परस्परसंबंधाची अटही जोडावी.

७. डोळ्याचें माप

वरील आंकडे यंत्राच्या सोयीचे आहेत. मनुष्याच्या डोळ्यास किती फरक जाणवतो हें त्यांतून सरळ निघत नाहीं. गडद छटेंतील ६ चा फरक व उजळ छटेंतील ६ चा फरक डोळ्यास सारखा वाटत नाहीं. ह्यासाठीं आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें १९७६ सालीं ‘लॅब’ नांवाची मांडणी सुचविली. तींत एक आंकडा उजेडाचा, ० ते १०० पर्यंत, दुसरा हिरवा-तांबडा आणि तिसरा निळा-पिवळा असतो. दोन रंगांमधील सरळ अंतरास ‘डेल्टा-ई’ म्हणतात. सुमारें दोनाच्या आसपासचें अंतर डोळ्यास जेमतेम जाणवतें असा सर्वसाधारण अनुभव आहे. पुढें ह्या अंतराचें सुधारलेलें सूत्रही निघालें आहे. पायथनच्या ‘सायकिट-इमेज’ आज्ञासंचांत हीं दोन्ही सूत्रें तयार मिळतात. तेव्हां करड्या चौकोनांनीं प्रकाश व तोल तपासावा, आणि रंगीत चौकोनांची अंतिम परीक्षा डेल्टा-ई वर ठेवावी, हा मार्ग उत्तम. आपल्या कामांत पिवळ्या व तांबड्या चौकोनांकडे अधिक कटाक्षानें पाहावें, कारण हरताळ व हिंगूळ त्यांच्याच शेजारीं पडतात.

८. ह्या परीक्षेनें काय सिद्ध होत नाहीं

मर्यादेंत बसलेलें चित्र म्हणजे सत्य चित्र, असा अर्थ घेऊं नये. तक्ता जेथें ठेविला तेथला प्रकाश योग्य होता, एवढेंच त्यावरून ठरतें. पानाच्या दुसऱ्या टोकास खिडकीचा उजेड पडत असेल तर तेथील रंग निराळा येईल. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं पोथीच्या जागीं एकरंगी करडा पुठ्ठा ठेवून चार कोपरे व मध्य अशा पांच ठिकाणीं वाचनें घ्यावीं, आणि तीं परस्परांशीं जुळतात कीं नाहीं पाहावें. पावसाळ्यांत मोर्शीकडे ढगांच्या येण्याजाण्यानें खिडकीचा प्रकाश क्षणोक्षणीं बदलतो. सकाळीं तपासलेला तक्ता दुपारच्या चित्रांस प्रमाण होत नाहीं. प्रकाश कृत्रिम व एकाच जातीचा ठेवावा, खिडकी झांकावी, आणि दर कांहीं पानांनीं तक्ता पुन्हां चित्रांत घ्यावा. मात्र दिवा प्रखर व दीर्घकाळ ठेवूं नये, कारण ज्या रंगांची साक्ष घ्यावयाची त्यांनाच तो अपाय करितो.

दुसरें असें कीं, आंकड्यांना अर्थ येतो तो कोणतें रंगमापन वापरलें त्यावरून. एस-आर-जी-बी मधील (१७५, ५४, ६०) व अडोबी-आर-जी-बी मधील (१७५, ५४, ६०) हे एकच रंग नव्हेत. चित्रासोबत मापनाचें नांव जोडलेलें नसेल तर मर्यादेची तुलना निरर्थक होते.

तिसरें, परीक्षा व दुरुस्ती ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. आज्ञावलीनें चित्र नापास ठरविलें म्हणजे तेंच चित्र रंग फिरवून मर्यादेंत आणावें, हा मोह टाळावा. ज्या पानाचें पुन्हां चित्र घेणें शक्य आहे त्याचें पुन्हां घ्यावें. जेथें तें शक्य नाहीं तेथें मूळ चित्र जसेंच्या तसें ठेवून दुरुस्त केलेली प्रत वेगळी करावी, व दोहोंवर तशी नोंद करावी. नाहीं तर आपणही मूळ पाठावर हरताळ फांसणाऱ्यांच्या पंक्तीस बसूं, आणि आपला हरताळ तर पुढच्या वाचकास दिसणारही नाहीं.

९. संग्राहकांस सूचना

पोथी लिहून झाली कीं लेखक शेवटीं शक, संवत्सर, मास, तिथि, स्थळ व आपलें नांव लिहितो. त्या चार ओळींवरून आपण पोथीचा काळ, प्रदेश व विश्वसनीयता ठरवितों. तशी समाप्ति नसलेली पोथी कितीही सुंदर असली तरी अर्धी मुकीच असते. आजच्या चित्रसंचासही अशी समाप्ति हवी. तींत पुढील गोष्टी असाव्या: चित्र घेतल्याची तारीख व स्थळ, यंत्राचें व दिव्याचें नांव, रंगतक्त्याचा प्रकार व तयार झाल्याचा काळ, वापरलेलें रंगमापन, आधीं ठरविलेली ग्राह्य मर्यादा, प्रत्येक तक्त्याचीं प्रत्यक्ष वाचनें, आणि मर्यादेबाहेर गेलेल्या पानांची यादी. ही नोंद पायथनची आज्ञावली आपोआप साध्या मजकुराच्या रूपांत लिहून ठेवूं शकते. ती चित्रांच्याच ठिकाणीं ठेवावी व तिची एक छापील प्रत पोथीच्या रुमालांतही असावी. नापास पानांचीं चित्रेंही यादींतून गाळूं नयेत. त्या चित्रांतील अक्षरें उपयोगाचीं आहेत, फक्त त्यांच्या रंगावर अनुमान बांधूं नये, एवढा इशारा वाचकास मिळाला पाहिजे.

अशी नोंद ठेविल्यानें दुसरा एक मोठा लाभ होतो. दहापंधरा वर्षांनीं त्याच पानाचें त्याच रीतीनें पुन्हां चित्र घेतलें, आणि दोन्ही वेळां तक्ता मर्यादेंत बसला, तर दोन चित्रांतील हरताळाच्या वा हिंगुळाच्या आंकड्यांत जो मोठा फरक दिसेल तो यंत्राचा नसून पोथीचा आहे असें म्हणतां येईल. म्हणजे रंग उडत आहे कीं काय, कोणत्या पानांवर अधिक उडत आहे, व कोणती पोथी उजेडापासून आधीं दूर ठेविली पाहिजे, हें वेळींच कळेल.

रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें असल्यानें ह्या भागांतील पोथ्यांकडे अभ्यासकांचें लक्ष वळणें साहजिक आहे, आणि पोथ्यांचीं चित्रें घेण्याचें कामही वाढत जाईल. ज्यांच्या घरीं किंवा मठांत अशा पोथ्या आहेत त्यांनीं चित्र घेऊं देण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारावे: रंगतक्ता कोठें आहे, आणि मर्यादा काय ठरविली आहे? ज्याच्यापाशीं ह्या दोहोंचें उत्तर आहे त्याच्या हातीं पोथी निर्धास्तपणें उघडून द्यावी. ज्याच्यापाशीं नाहीं त्यास तक्ता घेऊन पुन्हां यावयास सांगावें.